जोवर आणि होईस्तोवर

(गोंडपिपरीला तरुणांच्या शिबिरात केलेलं भाषण. जसं बोललो तसंच उतरवून दिलंय.)

मित्रांनो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बहिणींनो. पुढं या, जागा आहे. भिंत पडत नाही तुमच्यावाचून.

मला इथं कवितेवर बोलायला बोलावलं. माझ्या नावापुढं कवी असं छापतात म्हणून. गोदीत मला कुणी कवी म्हणत नाही. तिथं माझं नाव 'अरे ए' आहे. मी मॅट्रिक झालो, याच मातीतून उठलो आणि मुंबईला जाऊन पाठीवर पोती घेतली. अजून घेतोय. उद्या रात्री गाडी, परवा पहिल्या पाळीला हजर. तेव्हा वेळ थोडा आहे आणि कवितेवर मी आज बोलणार नाही. मी व्हाइल लूपवर बोलणार आहे.

हसा. मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं.

कॉम्प्युटर म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं काय येतं? दाखले काढून देणारं दुकान. काचेच्या पलीकडं एक माणूस, अलीकडं आपली रांग. तो म्हणतो सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. आपण उद्या जातो. काचेच्या पलीकडं काय चाललंय हे आपल्याला ठाऊक नसतं आणि विचारायची सोय नसते. आपल्यातल्या काही पोरांनी सर्टिफिकेटचा कोर्स केला. टायपिंग आलं, पगाराचा तक्ता आला. चांगलं आहे. पण मशीनला आपण सांगायचं आणि त्यानं ऐकायचं, हे कुणी शिकवलं नाही. मलाही नाही. मी गोदीत शिकलो, काच तडकलेल्या मोबाईलवर, दोन जहाजांच्या मधल्या रिकाम्या रात्री. भाषेचं नाव पायथॉन. गिडो व्हॅन रॉसम नावाच्या डच माणसानं ती केली, १९९१ साली जगापुढं आणली. फुकट मिळते. आणि इंग्रजीची ज्याला धास्ती आहे त्यानं ऐकावं, तिच्यात राखीव शब्द पस्तीसच्या आसपास आहेत. पस्तीस! आपल्या मायला यापेक्षा जास्त शिव्या येतात.

त्या पस्तीसातला एक शब्द व्हाइल. मराठीत 'जोवर'.

गोदीत मुकादम काम दोन तऱ्हेनं सांगतो. एक तऱ्हा, 'चाळीस फेऱ्या मार.' आकडा आधीच ठरलेला. मोजायचं आणि थांबायचं. ह्याला प्रोग्रॅमवाले फॉर लूप म्हणतात, आज तो बाजूला ठेवू. दुसरी तऱ्हा, 'होल्ड रिकामा होईस्तोवर काढ.' किती फेऱ्या? मुकादमाला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही. माल आहे तोवर काढायचा. ही व्हाइलची तऱ्हा. फेऱ्यांचा आकडा ठाऊक नाही, पण थांबायचं कधी ते ठाऊक आहे, अशा ठिकाणी व्हाइल लागतो.

आणि इथंच आपला पाय पहिल्यांदा घसरतो. मुकादम म्हणतो 'रिकामा होईस्तोवर'. मशीनला होईस्तोवर कळत नाही. त्याला 'जोवर' कळतो. मी सुरुवातीला मुकादमासारखंच लिहिलं, व्हाइल माल बरोबर शून्य. अर्थ काय झाला? जोवर माल शून्य आहे तोवर काढ. होल्ड भरलेला, माल शून्य नाही, अट पहिल्याच झटक्याला खोटी. मशीननं एक पोतंसुद्धा न उचलता काम संपलं म्हणून सांगितलं. गोदीत असं करणारा कामगार मला अजून भेटायचाय. चूक मशीनची नव्हती. आपण थांबायची अट बोलतो, त्याला चालू राहायची अट हवी असते. तेव्हा तोंडात होईस्तोवर आलं की मनात उलटं करा. रिकामं होईस्तोवर, म्हणजे जोवर शून्यापेक्षा जास्त आहे तोवर. ही पलटी हाताला बसेस्तोवर पुढं जाऊ नका.

आता आपल्या घरचं उदाहरण घेऊ. तेंदूपत्ता.

इथं बसलेल्यांपैकी किती जणांच्या मायच्या बोटांना तेंदूच्या चिकाचे डाग आहेत ते मला विचारायची गरज नाही. एप्रिल-मे, पहाटे जंगल, दुपारी अंगणात पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर. सत्तर पानांचा एक पुडा. शंभर पुड्यांचा शेकडा. मजुरीचा दर शेकड्यावर. एवढं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आता मायनं आणलेल्या पुड्यांतून शेकडे किती झाले, हे मशीनला काढायला लावू. भागाकारानं एका ओळीत निघतं, हे मलाही कळतं. पण आपल्याला लूप पाहायचाय. म्हणून मुन्शी करतो तसं करू. शंभर उचल, बाजूला ठेव, एक रेघ मार. पुन्हा शंभर उचल.

फळ्यावर लिहितो. इथं सगळं देवनागरीत लिहितोय, मशीनवर व्हाइल आणि प्रिंट हे शब्द आणि आकडे इंग्रजी लिपीत टाकायचे.

पुडे = ३००
शेकडे = ०
व्हाइल पुडे >= १००:
    पुडे = पुडे - १००
    शेकडे = शेकडे + १
प्रिंट(शेकडे, पुडे)

एक गंमत सांगतो. 'पुडे' आणि 'शेकडे' ही नावं मशीनवर देवनागरीतच लिहिली तरी पायथॉन तीन चालवतो. मी चालवून पाह्यलंय. कामगारानं मोबाईलच्या पडद्यावर 'पुडे' लिहिलं आणि मशीननं ते मुकाट्यानं मान्य केलं, त्या रात्री मला झोप आली नाही. ज्याला यात काय एवढं असं वाटतं, त्याच्या भाषेला कुणी कधी शाळेत हसलेलं नसेल.

ओळींचा अर्थ लावू. पहिल्या दोन ओळी म्हणजे सुरुवात, लूपच्या बाहेर, एकदाच. तिसरी ओळ म्हणजे अट. चिन्ह नीट बघा, मोठं किंवा बरोबर. पुढं दोन ओळी आत सरकवून लिहिल्यात, ते लूपचं पोट. जे आत सरकलंय ते दर फेरीला होणार. शेवटची ओळ पुन्हा कडेला आणलीय, ती लूप संपल्यावर एकदाच. पायथॉनमध्ये हे सरकवणं शोभेचं नाही. प्रिंट चुकून आत सरकलं तर दर फेरीला छापत बसेल.

आता मशीन बंद करा आणि कागद घ्या. कागदावर चालवल्याशिवाय लूप कळत नाही, मला तरी कळला नाही. पुडे तीनशे. तीनशे हे शंभर किंवा जास्त आहेत? आहेत. आत चला. पुडे दोनशे, शेकडा एक. पुन्हा वर या, अट विचारा. दोनशे? आहेत. पुडे शंभर, शेकडे दोन. वर या. शंभर? शंभर बरोबर शंभर, अट खरी. पुडे शून्य, शेकडे तीन. वर या. शून्य? नाही. बाहेर. तीन शेकडे, उरले शून्य. मायचा हिशोब चोख.

आता मी एकच चिन्ह पुसतो. मोठं-किंवा-बरोबरमधलं 'बरोबर' काढून टाकतो. उरलं नुसतं मोठं. चालवा. तीनशे मोठे, आत. दोनशे मोठे, आत. शंभर? शंभर हे शंभरापेक्षा मोठे नाहीत. अट खोटी. बाहेर! दोन शेकडे, उरले शंभर पुडे. एक अख्खा शेकडा मजुरीतून गेला. कुणी चोरी केली नाही, कुणी मारलं नाही. एक बारकी रेघ पुसली गेली.

आणि पुढचं ऐका. ही चूक कुणाला लागते? जिनं तीनशे चाळीस आणले तिला लागत नाही. तीनशे चाळीस, दोनशे चाळीस, एकशे चाळीस, तिन्ही वेळा मोठं, तीन शेकडे बरोबर निघतात. ही चूक फक्त तिलाच लागते जिनं घरी मोजून, बांधून, नेमके तीनशे आणले. म्हणजे जी चोख आहे तिलाच. आणि बहुतेक बाया मोजूनच आणतात. माझी माय फळीवरून आली की बोटांवर मोजत बसायची आणि मला म्हणायची, "काऊन रे, माहे पुडे कमी काऊन लिवले त्यानं? म्या त मोजून नेले." मी शाळकरी पोर. मला वाटायचं, मायचंच मोजणं चुकलं. तिथं मशीन नव्हतं, वही होती, आणि शेकड्यावर चार पुडे वर मागून घ्यायचा रिवाज होता. पण उद्या ही वही मोबाईलमध्ये जाईल, तेव्हा ती 'मोठं' लिहिते का 'मोठं किंवा बरोबर', हे विचारणारा कुणी तरी आपल्यातला पाहिजे. मशीननं सांगितलं म्हणजे खरं, असं म्हणून माय गप्प बसेल. तिला गप्प बसायची सवय लावलीय.

तेव्हा लूप लिहिला की काठावरचा आकडा घालून बघायचा. नेमके शंभर. नव्व्याण्णव. शून्य. मधले आकडे कुणालाही जमतात, चूक काठावर बसलेली असते.

काल रात्री जेवताना एका पोरीनं मला विचारलं, अट मध्येच खोटी झाली तर लूप मध्येच थांबतो का? बहुतेकांना हीच शंका येते, मलाही आली होती. नाही थांबत. गोदीत पाळी संपल्याचा भोंगा वाजतो तेव्हा माझ्या पाठीवर पोतं असतं. मी ते तिथंच टाकतो का? थप्पीपर्यंत नेतो, ठेवतो, परत फिरतो, तेव्हा म्हणतो संपलं. मशीनही असंच. फेरीत एकदा शिरलं की पोटातल्या सगळ्या ओळी करणार, मग वर जाऊन अट विचारणार. मधल्या मधे उडी मारायची असेल तर ब्रेक म्हणून वेगळा शब्द आहे. तो लिहिला की त्या ओळीवरूनच लूपच्या बाहेर. कधी कधी मुद्दाम 'व्हाइल ट्रू' लिहितात, म्हणजे जोवर खरं आहे तोवर, म्हणजे कायमचं, आणि आत अट घालून ब्रेकनं सुटतात. आकडा विचारायचा असला की हे बरं पडतं. समोरच्यानं पुडे किती याला उणे पाच लिहिलं तर पुन्हा विचार, नीट लिहिलं तर ब्रेक. अडाणी माणसाच्या हातून चूक झाली तर मशीननं कोलमडू नये, पुन्हा विचारावं, एवढी माणुसकी त्याला शिकवता येते. काचेपलीकडच्या माणसाला अजून शिकवता आलेली नाही.

आता मी ज्यासाठी इथवर आलो ते सांगतो.

माझ्या बापानं धाकटीच्या दवाखान्यासाठी कर्ज काढलं. दहा हजार. दर शेकडा पाच, महिन्याला. देणारा कोण ते सांगत नाही, असले तुमच्याही गावात असतील. बाप दर महिन्याला पाचशे रुपये नेऊन द्यायचा. एक महिना चुकवला नाही. कधी मायच्या तेंदूचे, कधी मोहाचे, पुढं माझ्या गोदीतले. सहा वर्षं. बाप म्हणायचा, फिटत आलं असेल आता. मला पण वाटायचं, फिटत आलं असेल. सहा वर्षं म्हणजे बहात्तर महिने, पाचशेनं छत्तीस हजार झाले.

एका रात्री जहाज लागायला उशीर होता. मी नुकताच व्हाइल शिकलेलो. म्हटलं, बापाचं कर्ज मशीनवर चालवू आणि किती महिने राहिले ते त्याला फोनवर सांगू. हे लिहिलं.

बाकी = १००००
महिने = ०
व्हाइल बाकी > ०:
    बाकी = बाकी + बाकी * ५ / १००
    बाकी = बाकी - ५००
    महिने = महिने + १
प्रिंट(महिने)

चालव म्हणून बटन दाबलं. काही नाही. पडदा काळा. मिनिट गेलं, दोन गेली. मोबाईल तापायला लागला. मी बटन दाबून थांबवलं. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि सी एकदम दाबले की थांबतं, मोबाईलवर थांबवायचं वेगळं बटन असतं. पुन्हा ओळी वाचल्या. अट बरोबर. वजाबाकी आहे. पुन्हा चालवलं. पुन्हा काळा पडदा. बॅटरी अर्ध्याहून खाली आली. मी म्हणलं, च्यायला, आपली अक्कलच मॅट्रिकपुरती. दुसऱ्या पाळीतला एक पोरगा हे थोडं जाणतो, त्याला उठवलं. त्यानं डोळे चोळत पाह्यलं आणि म्हणाला, पोटात प्रिंट टाक, दर फेरीला बाकी किती ते दिसू दे. टाकलं.

दहा हजार. दहा हजार. दहा हजार. दहा हजार. पडदा भरून खाली पळतोय, एकच आकडा.

तो म्हणाला, प्रोग्रॅम बरोबर आहे रे.

मी त्या शेडमध्ये बसलो ते जहाज लागेस्तोवर उठलो नाही. प्रोग्रॅम बरोबर होता. दहा हजारावर शेकडा पाच म्हणजे पाचशे चढतात. बाप पाचशेच उतरवतो. बहात्तर महिने बाप चालत गेला, पैसे मोजून दिले, घरी आला आणि बाकी तिथंच. बापाचा लूप थांबणारा नव्हताच. तो थांबणार नाही असाच कुणी तरी लिहिला होता. पाचशे हा आकडा बापानं ठरवला नव्हता. 'तुला झेपंल तेवढं दे, पाचशे दे,' असं देणाऱ्यानंच मोठ्या मायेनं सांगितलं होतं.

मग मी आकडे बदलत बसलो. पाचशेच्या जागी पाचशे एक टाकला. थांबला! एकशे अठ्ठावीस महिने. दहा वर्षं आठ महिने, आणि तेवढ्यात साठ हजारांच्या वर रुपये जातात, पण थांबला. एका रुपयानं. पाचशे पन्नास टाकले, पन्नास महिने. सहाशे, सदतीस महिने. सातशे, सव्वीस. हजार टाकले, पंधरा. चारशे नव्व्याण्णव टाकले तर बाकी दर फेरीला वर चढायला लागते आणि कधीच थांबत नाही. पाचशेच्या अलीकडं अनंत आणि पलीकडं शेवट, मधे फक्त एक रुपया. सहा वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. बाप अडाणी, पण मी तर दहावीला व्याजाची गणितं सोडवून पास झालेला! पुस्तकातल्या गणितात कर्ज नेहमी फिटतं. तिथं विचारतात, किती महिन्यांनी फिटेल. फिटेल का, असं विचारत नाहीत.

व्हाइल लूप मात्र तेच विचारायला लावतो. म्हणून मला तो आवडला. लूपमध्ये काही बदलतंय एवढं पुरेसं नाही. बापाच्या लूपमध्येही दर फेरीला आकडे बदलत होते, पाचशे चढत होते, पाचशे उतरत होते. बघायचं ते हे, की बदल अटीच्या दिशेनं सरकतोय का. अट म्हणते बाकी शून्यापर्यंत उतरली पाहिजे. मग दर फेरीच्या शेवटी बाकी फेरीच्या सुरुवातीपेक्षा कमी आहे का? नसेल तर बॅटरी संपेल, माणूस संपेल, लूप संपणार नाही.

मी घरी जास्तीचे पाचशे पाठवायला लागलो. बाप हजार भरायला लागला. देणाऱ्यानं म्हणे कपाळाला आठ्या घातल्या, एवढी काय घाई आहे म्हणाला. पंधराव्या महिन्यात बाप पुन्हा हजार घेऊन निघाला. मी फोनवर म्हटलं, बाबा, थांब. माझा प्रोग्रॅम इथं चुकतोय. शेवटच्या फेरीत बाकी व्याजासकट दोनशे अकराच राहते, पण प्रोग्रॅम आंधळेपणानं हजार वजा करतो आणि बाकी उणे सातशे एकोणनव्वद दाखवतो. उणे म्हणजे ते आपलं त्याच्याकडं निघतं. तो परत देणार आहे का? म्हणून आत एक इफ टाकायचा, बाकी हप्त्यापेक्षा कमी असेल तर हप्ता म्हणजे बाकी. बाप दोनशे अकरा घेऊन गेला. सुट्ट्यांसकट.

राज्यात सावकारी नियमनाचा कायदा २०१४ साली झाला. परवान्यावाचून सावकारी करणं गुन्हा आहे, आणि व्याजाचा दर सरकारनं ठरवायचा आहे. हे ज्यांना उपयोगी पडेल त्यांनी लिहून घ्या. आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी बाप तक्रारीला गेला असता का, मी सांगू शकत नाही.

आता तोंडाची चव बदलायला एक चांगला लूप सांगतो. हा आपल्या महाराष्ट्रातच सापडलाय, आणि कॉम्प्युटरवर नाही, कागदावर. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५. नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. गणिताची वरची पदवी नव्हती, म्हणून विद्यापीठवाल्या पंडितांनी त्यांना फारसं धरलं नाही. हा गडी आयुष्यभर आकड्यांशी खेळत राहिला. १९७५ साली मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा बाहेरच्या जगाला नाव कळलं. १९८६ ला गेले. त्यांना १९४९ मध्ये सापडलेली गोष्ट अशी.

चार आकडी संख्या घ्या, चारही आकडे एकच नकोत. त्यातले आकडे उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं लावा. मोठीतून लहान वजा करा. जे येईल त्याच्यावर पुन्हा तेच. कुठं पोचता? ६१७४. कुठूनही निघा, ६१७४. आणि ६१७४ वर तेच केलं तर ६१७४ च येतं. फार तर सात फेऱ्या लागतात.

१९५६ घेऊ. नागपूरनंतर १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात दीक्षा झाली, ते साल आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. ९६५१ वजा १५६९, ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. तीन फेऱ्या. आता महाडच्या पाण्याचं साल, १९२७. ९७२१ वजा १२७९, ८४४२. तिथून ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. सात फेऱ्या, जास्तीत जास्त लागतात तेवढ्या. बघा, डोळे चमकले लगेच तुमचे. यात चमत्कार शोधू नका, भविष्य तर मुळीच नको. हा निव्वळ योगायोग आहे. मला आवडला म्हणून सांगितला.

किती फेऱ्या लागतील ते आधी ठाऊक नाही, थांबायचं कुठं ते ठाऊक आहे. म्हणजे हा अस्सल व्हाइल. होईस्तोवरची पलटी आठवा. ६१७४ येईस्तोवर, म्हणजे जोवर संख्या ६१७४ नाही तोवर. मशीनवर 'नाही बरोबर' असं चिन्ह आहे, उद्गारचिन्ह आणि बरोबर. काठावरचे आकडे घाला लगेच. २२२२? वजाबाकी शून्य. शून्यावर पुन्हा शून्य. ६१७४ कधी येणार नाही, लूप फिरतच राहणार. म्हणून अटीत दुसरा तुकडा जोडायचा, आणि संख्या शून्यही नाही. दुसरा खड्डा १०००. १००० वजा ०००१ म्हणजे ९९९. ही तीन आकडी झाली. पुढचं शून्य तुम्ही टाकून दिलं तर ९९९ वजा ९९९ शून्य, खेळ खलास. शून्य जपून ठेवायचं, ०९९९ धरायचं, मग ९९९० वजा ०९९९, ८९९१, आणि गाडी रुळावर. पुढचं शून्य फुकटचं असतं असं समजू नका.

याचा एक भाऊ आहे, तो अजून कुणाला आवरला नाही. संख्या सम असेल तर अर्धी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, जोवर एक येत नाही तोवर. लोथार कोलाट्झ या जर्मन माणसाच्या नावानं ओळखतात, १९३७ पासून. व्हाइल लिहायला पाच ओळी. पण हा लूप प्रत्येक संख्येला थांबतोच, हे आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. आणि त्याच्या एक वर्ष आधी, १९३६ मध्ये, ॲलन ट्युरिंग या इंग्रजानं दाखवून दिलं की कुठलाही प्रोग्रॅम समोर ठेवला तर तो थांबेल का नाही हे नेहमी बिनचूक सांगणारा एकच प्रोग्रॅम असूच शकत नाही. म्हणजे मशीनला विचारून सुटका नाही. ज्याचा त्याचा लूप ज्यानं त्यानं कागदावर बसून तपासायचा.

माझी गाडी चुकेल. एवढंच करा. २००६ साली जन्मलेलं इथं कोण आहे? तू? ये इकडं, हा खडू घे. ६२०० लिही. खाली ००२६. वजा कर. मोठ्यानं सांग त्यांना किती आले. तुझी एका फेरीत सुटका झाली, तू बस. बाकीच्यांनी आपापलं साल घ्या आणि आधी कागदावर करा. ज्याच्या मोबाईलमध्ये चार्जिंग आहे त्याच्याभोवती चौघं चौघं बसा. आणि घरी कुणाची कर्जाची वही असेल तर ती आज रात्री काढा, दर महिन्याला किती चढतं आणि किती उतरतं हे दोनच आकडे मला इथं आणून दाखवा. मी सकाळपर्यंत आहे.